सहलीच्या गप्पा आणि डॉक्टरांचे कान

डॉक्टरांच्या मंडळाच्या स्मरणिकेत ‘थीम पार्क’ हा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. मधुमेह, हृदयविकार, वैद्यकीय व्यवसायातील नीतिमत्ता, गेला बाजार मंडळाच्या वाटचालीचा आढावा, असे विषय सोडून पाळण्या-झोपाळ्यांच्या गोष्टी येथे कशाला, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्या मनाशी एक मत पक्के होत गेले आहे. माणसे आपल्या प्रकृतीविषयी दवाखान्यात जेवढे सांगतात, त्याहून कितीतरी अधिक ती सहलीच्या गप्पांत सहज सांगून जातात. त्या गप्पांकडे आपण वैद्यक व्यावसायिकांनी कान द्यावा, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या बडोद्यातील मराठी घरांपैकी फार थोडी घरे आता अशी उरली असतील की, ज्यांचे कोणी ना कोणी अमेरिकेत नाही. मुलगा किंवा मुलगी तिकडे स्थायिक झाली की आई-वडिलांची फेरी ठरलेली, आणि त्या फेरीत नायगाऱ्याबरोबर फ्लोरिडातील ऑर्लँडो शहरही ठरलेले. मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने मला त्या परिसरात काही हिवाळे घालविता आले आणि तेथील ‘पार्कभक्तां’चा परिचय झाला. भक्त हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. ही मंडळी वर्षाचा पास काढतात, दरवर्षी त्याच दिवसांत येतात, कोणता रोलर कोस्टर कोणत्या साली सुरू झाला हे त्यांना मुखोद्गत असते, आणि एखादा जुना पाळणा बंद झाला तर घरातले माणूस गेल्यासारखे ती हळहळतात. आपल्याकडच्या वारकऱ्यांप्रमाणे त्यांचीही एकमेकांशी ओळख वाटेवरच होते. रांगेत तास-तासभर उभे राहावे लागते, बसमध्ये शेजारी बसावे लागते, दुपारच्या उन्हात एकाच बाकाची सावली वाटून घ्यावी लागते. मग गप्पांना काय तोटा?

या गप्पांचा आरंभ नेहमी सहलीनेच होतो. कधी आलात, कुठे उतरलात, अमुक पाळण्याला किती वेळ लागला? पाच मिनिटांत विषय गुडघ्यांवर येतो. बायपास झालेले एक गृहस्थ सांगत होते की, सहलीची तारीख ठरली त्या दिवसापासून त्यांनी रोज सकाळी चालायला सुरुवात केली. कारण उद्यानात दिवसाकाठी दहा-पंधरा किलोमीटर सहज चालणे होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. इन्शुलिन घेणारी एक बाई नवख्या बाईला समजावीत होती की, उद्यानातील प्रथमोपचार केंद्रात औषध थंड ठेवण्याची सोय असते, तेव्हा उन्हात पर्समध्ये बाळगू नकोस. स्वमग्न नातवाला घेऊन आलेली एक आजी कोणत्या ठिकाणी आवाज कमी असतो आणि मूल बिथरले तर कोठे शांत बसता येते, याचा नकाशाच तोंडपाठ म्हणून दाखवीत होती. एका वृद्ध जोडप्यातील पतीला विस्मृतीचा आजार जडला होता. पत्नी म्हणाली, “यांना काल काय जेवले ते आठवत नाही, पण या आगगाडीचे वळण कुठे येते ते बरोबर सांगतात.” हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

डॉक्टर म्हणून मला जाणवले ते असे की, या मंडळींच्या बोलण्यात आजार हा विषयाचा कर्ता नसतो. कर्ता असते ती सहल, आणि आजार तिच्या सोयीगैरसोयीच्या यादीत कोठेतरी बसलेला असतो. त्यामुळेच तो लपविला जात नाही. आपल्यासमोरच्या खुर्चीत बसलेला रुग्ण ‘चालणे कितपत होते?’ या प्रश्नाला ‘होते थोडेफार’ असे मोघम उत्तर देतो. तोच मनुष्य रांगेतल्या अनोळखी शेजाऱ्याला आपला दम कितव्या पायरीला लागतो ते नेमके सांगतो. कारण तेथे त्या माहितीचा तात्काळ उपयोग असतो.

या उद्यानांच्या जन्मकथेतही कुटुंब आणि प्रकृती या दोन गोष्टी गुंतलेल्या आहेत. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या दोन मुली चक्रीवर बसत तेव्हा आपण बाजूच्या बाकावर बसून राहत असू, आणि आई-वडिलांना मुलांबरोबर आनंद घेता येईल असे ठिकाण हवे, हा विचार तेथे सुचला, असे वॉल्ट डिस्ने यांनी पुढे स्वतःच सांगितले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले त्याचे मूळ या बाकावर आहे. फ्लोरिडातील प्रचंड उद्यान मात्र त्यांना पाहावयास मिळाले नाही. १९६६ च्या नोव्हेंबरात मानेच्या जुन्या दुखण्यासाठी ते रुग्णालयात गेले असता क्ष-किरण चित्रात फुप्फुसातील गाठ दिसली, आणि १५ डिसेंबरला वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते गेले. आयुष्यभर त्यांच्या हातातली सिगारेट सुटली नव्हती. थोरले बंधू रॉय यांनी निवृत्ती पुढे ढकलली, धाकट्या भावाचे पूर्ण नाव उद्यानाला दिले, १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते लोकांसाठी खुले केले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचेही निधन झाले. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांच्या आवारातून धूम्रपानाच्या राखीव जागा काढून टाकण्यात आल्या त्या १ मे २०१९ पासून. म्हणजे संस्थापकाच्या मृत्यूनंतर तब्बल बावन्न वर्षांनी. भक्तमंडळींना हा सारा इतिहास पाठ असतो. धूम्रपानाचा विषय निघाला की ‘वॉल्टला कशाने नेले ते ठाऊक आहे ना?’ असे वाक्य रांगेत ऐकू येते. आपल्या भिंतीवरच्या तक्त्यांपेक्षा ते अधिक परिणाम करीत असावे, अशी माझी समजूत आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. ज्या बाकावरून आई-वडिलांना उठविण्यासाठी हा खटाटोप झाला, नेमक्या त्याच बाकावर आपले आजी-आजोबा बसलेले आढळतात. सर्वांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि बाळाचा स्वेटर सांभाळीत. ‘तुम्ही जा रे, मी इथे बसते’ हे वाक्य मी ऑर्लँडोत मराठीतून, गुजरातीतून, तेलुगूतून ऐकले आहे. तिकडची ऐंशी वर्षांची बाई विजेवर चालणारी भाड्याची खुर्ची घेऊन दिवसभर नातवंडांच्या पुढे धावते, आणि आमच्या पासष्टीच्या काकूंना व्हीलचेअर म्हटले की अपंगत्वाचा शिक्का वाटतो. लांब अंतरासाठी चष्मा लावणे आणि लांब अंतरासाठी खुर्ची वापरणे यांत तत्त्वतः काय फरक आहे? हा संकोच केवळ रुग्णाचा नसतो. ‘आई, लोक काय म्हणतील’ असे मुलगाही म्हणतो, आणि ‘या वयात हवे कशाला ते सगळे’ असे डॉक्टरही म्हणून मोकळे होतात. यातले शेवटचे वाक्य तरी आपल्या हाती आहे.

गप्पांकडे कान दिल्यास काय हाती लागते, याचे एक सुरस परंतु संपूर्ण सत्य उदाहरण देतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील मूत्रविकारतज्ज्ञ डेव्हिड वॉर्टिंगर यांच्याकडे सहलीहून परतलेले रुग्ण पाळण्यावर बसल्यावर मुतखडा पडल्याचे सांगू लागले. एका रुग्णाने तर फ्लोरिडातील ‘बिग थंडर माउंटन’ या आगगाडीवर लागोपाठ बसल्यावर दर फेरीनंतर एकेक खडा पडल्याचे सांगितले. बहुतेकांनी हसून सोडून दिले असते. वॉर्टिंगर व त्यांचे सहकारी मार्क मिचेल यांनी त्या रुग्णाच्या मूत्रपिंडातील नलिकांची सिलिकोनची प्रतिकृती तयार केली, तीत मूत्र व वेगवेगळ्या आकारांचे तीन खडे घातले, ती पाठपिशवीत ठेवली आणि त्याच आगगाडीच्या वीस फेऱ्या केल्या. पुढच्या आसनांवर चोविसांपैकी चार खडे सुटले, मागच्या आसनांवर छत्तिसांपैकी तेवीस; म्हणजे सुमारे १७ टक्के विरुद्ध ६४ टक्के. हा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये, आधी हसविणाऱ्या व मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठीचे ‘इग नोबेल’ पारितोषिक त्यास मिळाले.

या गोष्टीतून दोन बोध घ्यावेत. रुग्णाची गप्प ही निरीक्षणाची पहिली पायरी असू शकते, हा एक. दुसरा असा की, ती शेवटची पायरी नव्हे. पिशवीतील प्रतिकृती म्हणजे जिवंत मनुष्य नाही. मूत्रमार्गात अडकलेला खडा, ताप, वेदना यांवर आगगाडीची फेरी हा उपाय होऊ शकत नाही. गप्पांतून निघालेली गोष्ट तपासून घ्यावी लागते, आणि ते काम आपलेच आहे.

पाळणे आणि हृदय यांच्या संबंधाबाबतही असेच तारतम्य हवे. जर्मनीतील मॅनहाइमच्या डॉक्टरांनी ५५ निरोगी स्वयंसेवकांना एका मोठ्या रोलर कोस्टरवर बसवून त्यांचे हृदयस्पंदन नोंदविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी गती मिनिटाला सुमारे ९० वरून १५० च्या वर गेलेली आढळली. आसनावर स्वस्थ बसलेल्या माणसाची ही अवस्था! निरोगी तरुणास याचे काही नाही. परंतु ज्याचा रक्तदाब आवरलेला नाही, ज्याच्या हृदयात दडलेला दोष आहे, त्याची गोष्ट वेगळी. ऑर्लँडोत २००३ मध्ये ‘मिशन स्पेस’ हा वेगाने गरगर फिरणारा अवकाशयानाचा खेळ सुरू झाला. २००५ मध्ये त्यावर बसलेले चार वर्षांचे मूल आणि २००६ मध्ये एक ४९ वर्षांची जर्मन स्त्री यांचा मृत्यू झाला. मुलाच्या हृदयाच्या स्नायूंची आधी न कळलेली अनैसर्गिक वाढ आढळली. त्या स्त्रीला मेंदूत रक्तस्राव झाला होता व तिचा उच्च रक्तदाब जुना होता. २००६ मध्येच त्या खेळाची न फिरणारी सौम्य आवृत्ती सुरू करण्यात आली. खेळाच्या तोंडाशी जो फलक असतो त्यावर गर्भारपण, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान व पाठ यांची दुखणी असे स्पष्ट लिहिलेले असते. आपली मंडळी तो फलक वाचतात, पण वाचून ‘हे सगळे वकिलांच्या भीतीने लिहिलेले असते’ असे म्हणून पुढे सरकतात. त्या फलकाचा अर्थ त्या-त्या रुग्णापुरता समजावून सांगणे हे डॉक्टरांचे काम होय, आणि ते तिकीट काढण्यापूर्वी व्हावयास हवे.

गर्दीच्या ठिकाणाचा आणखी एक धडा. १७ ते २० डिसेंबर २०१४ या नाताळपूर्व दिवसांत डिस्नेलँडमध्ये आलेल्या लोकांतून गोवराची साथ पसरली. केवळ अमेरिकेतच १४७ रुग्ण सापडले. कॅलिफोर्नियातील ज्या पहिल्या ११० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, त्यांपैकी ४९ जणांनी लस घेतलेली नव्हती आणि बारा जण तर लसीचे वयही न झालेली तान्ही बाळे होती. परिणामी २०१५ मध्ये त्या राज्याने वैयक्तिक मतापोटी शाळेतील लसीकरण टाळण्याची सवलत कायद्याने रद्द केली. सहलीला निघालेल्या कुटुंबाचे लसीकरणाचे कार्ड पाहण्यास दोन मिनिटे लागतात. ‘चाललात कुठे?’ हे विचारलेच नाही, तर ती दोन मिनिटे सुचणार कशी?

येथे कोणी म्हणेल की, हा सारा खात्यापित्या लोकांचा विषय आहे. खर्चाच्या दृष्टीने ते खरे आहे. परंतु आनंद ही औषधोपचार संपल्यावर उरला तर घ्यावयाची वस्तू आहे, ही समजूत श्रीमंत-गरीब सर्वांच्याच बाबतीत घातक ठरते. फ्लोरिडातील हेन्री लँडवर्थ या हॉटेल व्यावसायिकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. बालपणी नाझी छळछावण्यांतून वाचलेला हा मनुष्य. रक्ताचा कर्करोग झालेली सहा वर्षांची एक मुलगी डिस्नेची उद्याने पाहावयास त्यांच्या हॉटेलात उतरणार होती. व्यवस्थेला इतके दिवस लागले की त्याआधीच ती गेली. त्यावर त्यांनी १९८६ मध्ये ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ ही संस्था स्थापिली, ज्यायोगे गंभीर आजारी मुलांना कुटुंबासह विनामूल्य आणि विनाविलंब राहता यावे. विलंब हा शब्द आपण लक्षात ठेवावा. ‘बरे वाटले की मग जाऊ’ असे आपण सहज म्हणतो. काही रुग्णांच्या बाबतीत ते ‘मग’ येत नाही, आणि ते येणार नाही हे घरात सर्वांत आधी आपल्याला कळलेले असते.

आपल्या गावालाही या बाबतीत परंपरा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी कमाटीबाग प्रजेसाठी उभारली, तेव्हा राजा आणि रयत, आजोबा आणि नातू यांनी एकाच हिरवळीवर बसावे, ही दृष्टी तीत होती. आपल्यातील कितीतरी जण तेथल्या छोट्या आगगाडीत बसून मोठे झाले. पुढे मुंबईच्या नातेवाइकांकडे गेल्यावर गोराईचे ‘एस्सेलवर्ल्ड’ हे आकर्षण झाले. १९८९ मध्ये सुरू झालेले ते उद्यान २०२२ मध्ये बंद पडले, आणि २०१३ पासून खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ नव्या पिढीचे झाले. मात्र आनंदाची स्थाने वाढली त्या प्रमाणात सावधपणा वाढला नाही, हे दुःखाने नमूद करावे लागते. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून बारा मुले व दोन शिक्षिका बुडाल्या. त्याच वर्षी २५ मे रोजी राजकोटच्या खेळकेंद्रात आग लागून पंचवीसहून अधिक जणांचे प्राण गेले. त्या दिवसांत या गावातील डॉक्टरांनी काय पाहिले ते येथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

ऑर्लँडोतील भक्तांच्या गप्पांतून मला जे घ्यावेसे वाटते त्यात ही सवय प्रथम येते. कोणता खेळ दुरुस्तीसाठी कधी बंद आहे, मुलाची उंची किती इंच लागते, आसनाचा दांडा बसला की नाही, हे ते एकमेकांना विचारतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपण नावेत मूल बसविताना जीवरक्षक जॅकेट किती आहेत आणि माणसे किती चढली हे विचारले, तर लोक आपल्याला घाबरट म्हणतात. डॉक्टरांनी हा घाबरटपणा स्वतः करून दाखवावा. पालक आपले पाहून शिकतील.

मंडळापुढे माझ्या नम्र सूचना तीनच आहेत. पहिली, रुग्णाची हकीकत घेताना ‘यंदा कुठे जायचे ठरवता आहात?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. उत्तरातून त्याचे चालणे, त्याचा दम, त्याची भीती आणि त्याच्या घरातील वातावरण, सारे कळते. चार महिन्यांनंतरच्या सहलीचे ध्येय दिले तर ‘वजन कमी करा’ हा कंटाळवाणा उपदेश एकाएकी अर्थपूर्ण होतो. दुसरी, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी एक संध्याकाळ प्रवासाला निघालेल्या ज्येष्ठांसाठी ठेवावी. लांबच्या विमानप्रवासात पायांतील रक्त न साकळावे म्हणून काय करावे, घड्याळ बदलल्यावर मधुमेहाच्या गोळ्या व इन्शुलिन कसे घ्यावे, औषधांच्या चिठ्ठीवर मूळ नावे का हवीत, उन्हात पाणी किती प्यावे, कोणत्या खेळात बसावे आणि कोणत्या खेळापासून दूर राहावे. भाषणे थोडी आणि गप्पा अधिक, असा तो कार्यक्रम असावा. जाऊन आलेल्यांना आधी बोलू द्यावे. त्यांचे चुकेल तेथे आपण दुरुस्त करावे. तिसरी सूचना खुर्चीविषयी. मंडळाच्या वार्षिक सहलीत दोन व्हीलचेअर बरोबर न्याव्यात, आणि पहिल्या दिवशी त्यांत आपल्यापैकीच कोणी ज्येष्ठ डॉक्टरांनी बसावे. संकोच मोडण्यास याहून सोपा उपाय मला दिसत नाही.

‘नको’ म्हणणे आपल्या व्यवसायात सोपे असते, कारण ‘नको’ म्हटल्यामुळे काही बिघडले तर त्याचा जाब कोणी विचारीत नाही. न झालेल्या सहलीची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. पण सत्तरीच्या आजींनी नातवाबरोबर एक फेरी मारली की नाही, हे त्या घरात पुढची वीस वर्षे सांगितले जाते. ती फेरी कोणती असावी, किती वेगाची असावी आणि तत्पूर्वी रक्तदाब किती असावा, हे ठरविण्यास आजींना आपली गरज आहे. त्या विचारतील, अशा बेताने आपण त्यांच्याशी बोलावे.